ब्लड पॅचनंतर डोकं थांबलं, पण कंबर धरली: यात नेहमीचं काय आणि धोक्याचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: पत्नीचं सिझर स्पायनल भूल देऊन झालं. दुसऱ्या दिवसापासून उठून बसलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की उतरायचं. चौथ्या दिवशी ब्लड पॅच केला, म्हणजे तिचंच थोडं रक्त पाठीत सोडलं, आणि तासाभरात डोकं थांबलं. आता पॅचला तीन दिवस झालेत. कंबर दुखते, वाकलं की जास्त, आणि उजव्या नितंबातून मांडीच्या मागे कळ जाते. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, मणक्यात रक्त घातलं, आता जन्माची कंबर गेली. शेक आणि मालीश चालेल का? एमआरआय करून घ्यावा का? हे किती दिवस राहणार?

तुम्ही ‘किती दिवस’ विचारताय, पण त्याआधी ठरवायला हवं ते हे की ही दुखणी पॅचनंतरची नेहमीची आहे की दुसऱ्या कशाची सुरुवात आहे. एकदा ते ठरलं की बाकीची उत्तरं सोपी आहेत. पेशंट न तपासता मी छातीठोक सांगू शकत नाही. शिवाय चार गोष्टींवर बरंच अवलंबून आहे: सुई किती वेळा टोचावी लागली, रक्त किती मिली घातलं, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू होती का, आणि अंगात ताप आहे का. पहिल्या दोन्हींची नोंद भूलतज्ज्ञाच्या कागदावर असते. तो कागद मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

आधी आत काय घडलं ते पाहू, म्हणजे कंबर का दुखते ते कळेल. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू आणि नसा एका पाण्याच्या पिशवीत असतात. तिचं बाहेरचं आवरण म्हणजे ड्युरा. स्पायनल देताना बारीक सुई त्या आवरणातून आत जाते. बहुतेकदा भोक आपोआप बुजतं. नाही बुजलं तर पाणी झिरपत राहतं, मेंदूखालचा आधार कमी होतो आणि उभं राहिलं की डोकं ठणकतं. ऑगस्ट बीअर या जर्मन शल्यविशारदाने १८९८ मध्ये ही भूल स्वतःवर करून पाहिली आणि पुढचे काही दिवस हीच डोकेदुखी भोगली. म्हणजे उपचाराचं आणि या त्रासाचं वय एकच आहे.

ब्लड पॅचमध्ये तुमच्याच हातातून निर्जंतुक पद्धतीने रक्त काढतात आणि ड्युराच्या बाहेरच्या जागेत, म्हणजे एपिड्यूरल जागेत, सोडतात. ‘मणक्यात रक्त घातलं’ हे त्यामुळे तितकंसं बरोबर नाही. रक्त हाडात जात नाही आणि मज्जारज्जूलाही लागत नाही. प्रौढ माणसात मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्याच्या पातळीला संपतो आणि टोचायची जागा त्याच्या खाली असते. १९६० मध्ये गॉर्मली यांनी ही कल्पना मांडली तेव्हा फक्त दोन-तीन मिली रक्त वापरलं होतं. आज बहुतेक ठिकाणी १५ ते २० मिली वापरतात. रक्त तिथे गेल्यावर दोन गोष्टी होतात. पिशवीवर बाहेरून दाब येतो, म्हणून डोकं इतक्या लवकर उतरतं. नंतर रक्ताची गुठळी भोकावर चिकटून बसते आणि तोवर शरीर जखम भरून काढतं.

आता कंबरेकडे. पॅचनंतर पाठ दुखणं हा याचा सगळ्यात सामान्य दुष्परिणाम आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत बऱ्याच जणींची पाठ दुखते. जुन्या पाठपुराव्यांत साधारण एक तृतीयांश पेशंटची पाठ पहिले ४८ तास दुखली, आणि थोड्यांची काही आठवडे दुखत राहिली. कारण एक नसतं, चार-पाच एकत्र असतात.

पहिलं म्हणजे सुई. स्पायनलची २५ गेजची सुई साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते (गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक). पॅचसाठी वापरतात ती टुओही सुई १८ गेजची असली तरी सव्वा मिलिमीटरहून जाड, आणि १६ गेजची त्याहून जाड. ती त्वचा, चरबी, दोन मणक्यांमधले अस्थिबंध आणि पिवळा अस्थिबंध पार करत चार-पाच सेंटिमीटर आत जाते. वाटेत हाडाला टेकली तर हाडावरचं आवरण दुखावतं. ते फार संवेदनशील असतं. बाळंतीण सुजलेली असते, डोकं दुखत असल्यामुळे नीट वाकून बसता येत नाही, त्यामुळे जागा सापडायला दोन-तीनदा टोचावं लागणं नवल नाही. टोचण्या जितक्या जास्त तितकी नंतरची दुखणीही जास्त.

दुसरं कारण लोकांना माहीत नसतं. सगळं रक्त एपिड्यूरल जागेत राहत नाही. पॅचनंतर केलेल्या एमआरआयमध्ये दिसलंय की थोडं रक्त सुईच्या वाटेने मागे येऊन स्नायूंत आणि त्वचेखालच्या चरबीत पसरतं. मुका मार लागल्यावर रक्त साकळतं तसंच हे, फक्त खोल. त्यामुळे ती जागा दाबली की दुखते, वाकलं की ताणते, सकाळी उठताना जड वाटते. हे रक्त विरघळायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

तिसरं, दाब. २० मिली द्रव एका अरुंद जागेत गेला की आजूबाजूच्या नसांना तो जाणवतोच. म्हणूनच रक्त हळूहळू सोडायचं असतं आणि पेशंटशी बोलत राहायचं असतं. पाठीत नुसतं ताण-दडपण आलं तर थांबायचं, थोडा वेळ द्यायचा, निवळलं तर पुढे जायचं. पायात चमक गेली किंवा पाठ असह्य झाली तर तिथेच संपवायचं, मग १२ मिलीच गेलेले असोत. ‘२० ठरलंय म्हणून २०’ हा हट्ट बरा नव्हे. या दाबाचा परिणाम मात्र लवकर ओसरतो. एमआरआयच्या अभ्यासांत सात-आठ तासांत पिशवीवरचा दाब बराच कमी झालेला आणि पुढे फक्त पातळ थर उरलेला दिसतो. म्हणून तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं खापर दाबावर फोडता येत नाही.

चौथं म्हणजे नसांच्या मुळांशी पोचलेलं रक्त. हे तुमच्या प्रश्नातल्या मांडीच्या कळेशी जोडलेलं आहे. रक्त साकळताना त्यातले घटक नसेच्या आवरणाला झोंबतात आणि थोडी सूज येते. मग नितंब, मांडीची मागची बाजू, क्वचित पोटरीपर्यंत कळ जाते. रक्त पिशवीच्या आत शिरलं असेल तर ही झोंबणी जास्त असते. दोन्ही प्रकारांत कळ बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत ओसरते. कळ येणं आणि शक्ती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा.

आणि शेवटी बाळंतपण स्वतः. पोटाचे स्नायू सैल, सिझरचे टाके, रात्रीची झोप मोडलेली, बाळावर वाकून पाजणं. पॅच झालाच नसता तरी यातल्या बऱ्याच जणींची कंबर दुखलीच असती. पण पॅच ताजा असतो, डोळ्यांसमोर असतो, म्हणून सगळा दोष त्याच्याकडे जातो.

मग नेहमीचं दुखणं ओळखायचं कसं? मी आज किती दुखतंय यापेक्षा परवापेक्षा कमी आहे का, हे विचारतो. पॅचनंतरची साधी पाठदुखी पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त असते, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरणीला लागते, गोळीला दाद देते आणि आडवं झाल्यावर हलकी होते. पूर्ण जायला आठवडा, कधी तीन-चार आठवडे. तुमच्या पत्नीची तिसऱ्या दिवशीची कंबर पहिल्या दिवसापेक्षा कमी असेल आणि कळ मांडीतच थांबत असेल, तर ती याच वर्गात बसते. दोन-तीन दिवस बरं वाटून मग दुखणं नव्याने सुरू झालं आणि दर दिवशी वाढत गेलं, तर माझा सूर बदलतो.

धोक्याच्या गोष्टी विरळ आहेत, पण चुकवायच्या नाहीत. पहिली म्हणजे एपिड्यूरल रक्तगाठ. ही मुद्दाम सोडलेल्या रक्ताची नव्हे, रक्तस्राव चालू राहून वाढत गेलेली गाठ. सिझरनंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी एनॉक्सापॅरिन देतात. पॅच करायचा तर प्रतिबंधक मात्रेनंतर किमान १२ तास आणि उपचाराच्या मोठ्या मात्रेनंतर २४ तास जाऊ द्यायचे असतात. तुमच्या पत्नीला हे इंजेक्शन चालू असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर कंबरदुखीकडे माझं लक्ष दुप्पट असेल. गाठ झाली की दुखणं झपाट्याने वाढतं आणि पाय कमजोर व्हायला लागतात. शस्त्रक्रिया करायची तर पाय जायला लागल्यापासून आठ ते बारा तासांच्या आत झालेली बरी. ‘उद्या सकाळी ओपीडीत दाखवू’ इथे चालत नाही.

दुसरी, एपिड्यूरल जागेतला पू. तो लगेच होत नाही. काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी दिसतो. ताप, मणक्याच्या एका जागी ठोकलं की कळ, आणि रोज वाढणारी पाठदुखी. गोम अशी की बाळंतिणीला ताप यायला कारणं खूप असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटून ताप येतो, टाक्यांना किंवा गर्भाशयाला संसर्ग होतो. म्हणून ‘दुधाचा ताप’ म्हणून सोडून देऊ नका. पॅच झालेल्या बाईला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला आणि पाठही वाढतेय, तर तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या त्याच दिवशी. टोचल्या जागी लाली, ओल किंवा पू दिसला तर तापाची वाटही पाहायची नाही.

तिसरी म्हणजे कण्याच्या खालच्या नसांवर आलेला दाब. लघवी तुंबते किंवा कळत नाही, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर होतो, शौचावरचा ताबा जातो. लघवी थेंब-थेंब होत असेल पण पोट ओटीपोटाशी फुगलेलं वाटत असेल, तर ती ‘होतेय’ असं समजू नका. मूत्राशय भरून ओसंडत असू शकतं.

घरच्या घरी रोज एकदा हे करून पाहा. भिंतीचा आधार घेऊन टाचांवर चार पावलं, मग चवड्यांवर चार पावलं. टाचांवर चालताना पावलाचा पुढचा भाग खाली पडतो का? एका पायाच्या चवड्यावर अंग उचलता येतं का? सिझरच्या टाक्यांमुळे ती हळू चालेल, ते ठीक आहे. दोन्ही पायांत फरक दिसतो का ते बघायचं. पायाच्या बोटांवर कापसाचा स्पर्श दोन्हीकडे सारखा लागतो का, हेही. लघवी चार-सहा तासांनी नीट, भरपूर होते का. हे सगळं नीट असेल, ताप नसेल आणि दुखणं उतरतं असेल, तर तातडीच्या एमआरआयची गरज नाही.

काही लोक ‘मनाच्या समाधानासाठी’ एमआरआय करून येतात, आणि नेमका तोच अहवाल झोप उडवतो. पहिल्या दिवसांत केलेल्या एमआरआयमध्ये एपिड्यूरल जागेत आणि स्नायूंत रक्त दिसणारच, आपणच ते घातलंय. अहवालात ‘एपिड्यूरल कलेक्शन’ असं छापून आलं की घरात हलकल्लोळ होतो. त्याच बरोबर चाळिशीच्या आतल्या बऱ्याच लोकांत दिसणारी चकतीची किरकोळ फुगवटीही त्यात येते आणि तिचं नाव पॅचशी जोडलं जातं. उलट वर सांगितलेलं धोक्याचं एकही लक्षण असेल, तर एमआरआय त्याच दिवशी, पुवाची शंका असेल तर कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन), आणि न्यूरोसर्जन जवळ असलेल्या ठिकाणी.

आता घरी काय करायचं. पॅरासिटामॉल वेळेवर द्या, दुखलं की मग असं नको. वजन ५० किलोच्या वर असेल तर एक ग्रॅम दर सहा तासांनी, २४ तासांत चार ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल तर मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४५ किलोला साधारण ६५० ची एक गोळी. सोबत जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, चार-पाच दिवस. दोन्ही स्तनपानात चालतात. पण बाळंतपणात रक्तदाब चढला होता, किडनीचा त्रास, पोटात अल्सर, वेदनाशामकाने वाढणारा दमा, प्लेटलेट कमी किंवा एनॉक्सापॅरिन चालू असेल, तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

इथे एक सापळा आहे. सिझरनंतर घरी जाताना जी वेदनाशामक गोळी लिहून देतात ती पुष्कळदा अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली असते. त्यावर वेगळी पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन चालू केली की दोन्ही औषधं दुप्पट जातात. पाकिटामागची छोटी अक्षरं वाचा. सगळी पाकिटं एका जागी ठेवा आणि एकाच माणसाने गोळ्या द्याव्यात. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन अंगावर पाजणाऱ्या बाईला मी देत नाही, बाळाला गुंगी येऊ शकते. नसेच्या कळेसाठी प्रीगॅबालिन वगैरे पहिल्या आठवड्यात सुरू करण्याचीही घाई नको, कळ बहुधा आपोआप जाते.

शेक चालतो. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. स्पायनल पूर्ण उतरलेली असल्याने भाजण्याची भीती तशी कमी, पण कुठे बधिर वाटत असेल तर तिथे नाही. बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत आहे तिथे एकच सांगतो: खोली बंद करून कोळसा पेटवू नका.

मालीश पहिला आठवडा मणक्याच्या रेषेवर नको. टोचल्या जागेवर पहिले ४८ तास तेलही नको. बाळंतिणीच्या मालिशवाल्या मावशी चांगल्या हाताच्या असल्या तरी कमरेवर पाय देणं, पालथं झोपवून दाबणं, पाठ ‘मोडून’ आवाज काढणं हे पूर्ण बंद. साकळलेल्या स्नायूवर जोर दिला की तो आणखी रागावतो, आणि पॅच अजून पक्का होत असतो. पाय, पोटऱ्या, खांदे यांना हलकं तेल लावायला हरकत नाही. पोटरी एकाच बाजूला सुजलेली किंवा दुखरी असेल तर मात्र तिथे हात लावू नका, आधी दाखवा.

पॅचनंतर पहिले एक-दोन तास उताणं पडायचं, नंतर दोन दिवस जपून. बाळाच्या वजनापेक्षा जड काही नाही, कंबरेतून वाकून बादली उचलणं नाही, शौचाला जोर नाही. रात्री दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यासोबत, गरज पडली तर १५ मिली लॅक्ट्युलोज. कुंथल्याने पोटातला आणि पाठीतला दाब वाढतो आणि गुठळी हलू शकते. मात्र दोन दिवसांनंतर नुसतं अंथरुणाला खिळून राहणं उलट वाईट. घरात फिरावं. पाजताना बाळाकडे वाकू नये, मांडीवर दोन उशा ठेवून बाळ वर आणावं, रात्री कुशीवर पडून पाजावं. पाटावर, जमिनीवर बसून पाजणं पहिले पंधरा दिवस टाळा. खुर्ची, पाठीला उशी, पायाखाली छोटं स्टूल. या एका बदलाने अर्धी कंबर हलकी झालेली पाहायला मिळते.

‘जन्माची कंबर’ या भीतीबद्दल. गरोदरपणात जवळपास निम्म्या बायकांची कंबर दुखते. प्रसूतीनंतर महिन्योनमहिने कंबर कोणाची दुखणार याचा सगळ्यात चांगला अंदाज ती आधी दुखत होती का यावरून लागतो. स्पायनल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केली तर दीर्घकाळच्या पाठदुखीत फरक सापडत नाही. एक अपवाद मोकळेपणाने सांगतो: प्रसूतीकळांसाठी एपिड्यूरल देताना जाड सुईने चुकून ड्युराला भोक पडतं, त्या बायकांत पुढे डोकेदुखी आणि पाठदुखी जास्त काळ राहिल्याचं दिसतं. ती भोकामुळे की पॅचमुळे, हे वेगळं काढणं अवघड. तुमच्या पत्नीचं भोक स्पायनलच्या बारीक सुईचं आहे, ही तिच्या बाजूची गोष्ट. सहा आठवड्यांनंतरही रोज दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा. नितंबातल्या दुखण्याचं मूळ पुष्कळदा माकडहाडाजवळच्या सांध्यात आणि सैल पडलेल्या पोटाच्या स्नायूंत सापडतं.

डोकं पुन्हा दुखू लागलं तर ते कशा पद्धतीने दुखतं ते पाहा. उभं राहिलं की वाढतं आणि पडलं की जातं, तर पॅच सुटलाय. तो पुन्हा करता येतो आणि दुसऱ्यांदाही बऱ्याच जणींना गुण येतो. उलट पडल्यावर वाढतं, पहाटे जास्त, धूसर दिसतं, मळमळ होते, तर पाण्याचा दाब जास्त झाला असण्याची शक्यता आहे आणि तिथे दुसरा पॅच चूक ठरेल. डोकं आता कोणत्याही स्थितीत सतत दुखतंय, झापड येते, उलट्या, मान आखडते, फिट येते, तर थेट तातडीच्या विभागात. बाळंतिणीच्या प्रत्येक डोकेदुखीचं कारण स्पायनल नसतं. रक्तदाब, मेंदूच्या शिरेतली गुठळी आणि मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव ही कारणं आधी डोक्यात यायला हवीत.

पुढच्या वेळी स्पायनल घेता येतं, पॅच झाला म्हणून कायमची मनाई नाही. फक्त डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टी लिहून घ्या: स्पायनलची सुई किती गेजची आणि कोणत्या टोकाची, कोणत्या मणक्यात, पॅचला किती मिली रक्त, आणि सोडताना पाठीत किंवा पायात काय जाणवलं. पुढचा भूलतज्ज्ञ हे पाहून पेन्सिलच्या टोकासारखी २७ गेजची सुई निवडेल आणि जागा बदलेल.